शिक्का न बसलेलं कार्ड

६ जानेवारी १९९३, रीगा

नवी वही. जुनी ३० डिसेंबरला संपली आणि बाजारात रेघांची वही मिळेपर्यंत सहा दिवस गेले. ते सहा दिवस कोरेच राहतील. मागाहून आठवून लिहिलेला दिवस खरा नसतो, हा माझा नियम आहे आणि तो मी कधी मोडलेला नाही.

आज स्वीडनमधल्या माल्मोहून पत्र आलं. गॅम्बिटच्या, म्हणजे बुद्धिबळात सुरुवातीलाच प्यादं देऊ करणाऱ्या डावांच्या, शौकिनांसाठी तिथे एक छोटं त्रैमासिक निघतं. त्याचे संपादक लिंडवाल लिहितात की तुमचा 'काल्वे-बळी' आम्हाला आकृतीसह छापायचा आहे, लेख पंधरा मेपर्यंत पाठवा. पत्र तीनदा वाचलं. नावाचं स्पेलिंग तिन्ही वेळा बरोबर होतं.

मी, झिगुर्ड्स काल्वे, वय चौपन्न, मध्यवर्ती बाजारात वजनकाटे तपासतो आणि दुरुस्त करतो. बुद्धिबळ मला कुणी शिकवलं नाही. ना वर्ग, ना प्रशिक्षक. जे आहे ते ट्रामच्या बाकावर आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर मिळवलेलं आहे. आपल्या गावाच्या गॅम्बिटवर एकवीस वर्षं काम केलं, चाळीस पानं झाली. त्यातली पहिली काही पानं १९७४ साली इथल्या मासिकाला पाठवली होती. त्यांनी परत केली, आकृतीच्या बाजूला पेन्सिलीने नुसतं एक प्रश्नचिन्ह काढून. गॅम्बिट म्हटलं की शिकलेल्या लोकांच्या कपाळाला आठ्या पडतात, त्यातलाच प्रकार.

जुन्या मित्राला, एदविनलाही दोन ओळी लिहिल्या. कळावं म्हणून. बाकी काही नाही.

१७ जानेवारी

एदविन रोझेचं उत्तर आलं. अकरा वर्षांनी त्याचं अक्षर पाहिलं. पूर्वीसारखंच, भूगोलाच्या मास्तरचं: प्रत्येक अक्षर नकाशावर लिहिल्यासारखं. शिक्का त्सेसिस, १४ जानेवारी, तारीख जरा पुसट.

लिहितो: अभिनंदन. पण छापण्याआधी तोच डाव माझ्याशी पुन्हा एकदा खेळ. बहात्तर साली आपण टपालाने खेळलो तोच, खेळीला खेळी. मी पांढरी मोहरी घेतो, तू गॅम्बिट खेळ. पहिल्या दहा खेळ्या याच पत्रात मान्य धरू, पुढच्या कार्डावर. तुझा बळी टिकला तर मी स्वतः लिंडवालना लिहीन की तीस वर्षं मी चूक होतो.

मनात आलं, याला बघवत नाही. हा क्रीडा-मंडळात शिकलेला, याला गुरू होते, प्रमाणपत्रं आहेत. आणि परदेशात छापून येणार मी.

तरी होकार कळवला. टिकणारच आहे, भ्यायचं काय?

२४ जानेवारी

खोलीत अकरा अंश. खोली तापवणारे गरम पाण्याचे नळ हाताला कोमटसुद्धा लागत नाहीत. कोट घालूनच लिहितो आहे. अशा थंडीत मला उन्हाळ्यातली वेर्माने बाग आठवते.

१९६३. लिंडनच्या झाडांखाली बाकांवर पट मांडलेले, खेळणारे आठ आणि सल्ले देणारे चाळीस. मी कारखान्यातून तेल लागलेल्या हातांनीच आलो होतो. समोर एक गोरा, सडपातळ, नीट भांग पाडलेला मुलगा. त्याने राजाचं प्यादं पुढे केलं, मग घोडा काढला. मी दुसऱ्याच खेळीला उंटासमोरचं प्यादं दोन घरं लोटलं. म्हणजे आपल्याच राजाच्या अंगावरचं पांघरूण ओढून काढायचं आणि समोरच्याला म्हणायचं, ये. हा आमचा गॅम्बिट. रीगात जन्मलेला माणूस तो एकदा तरी खेळतोच, जसा एकदा तरी समुद्राच्या गार पाण्यात उतरतोच.

एदविनने माझ्या हातांकडे पाहिलं, मग पटाकडे. म्हणाला, "हे खोटं आहे."

मी म्हटलं, "खोटं असेल तर पकड."

त्या दिवशी त्याला पकडता आलं नाही. अंधार होईपर्यंत भांडलो, मग बिअर प्यायलो, मग ट्रामच्या थांब्यावर पुन्हा भांडलो. पुढे नऊ वर्षं तेच. त्याचं म्हणणं असं की हा गॅम्बिट मोठ्या आवाजात बोलणाऱ्या माणसासारखा आहे: समोरचा दचकला तर जिंकतो, शांतपणे ऐकून घेतलं तर बोलण्यात काही नसतं. मी म्हणायचो, तू पटावर हिशेब करतोस, मी खेळतो. माझी बायको आउस्मा चहा ठेवता ठेवता म्हणायची, "तुम्ही दोघं एकमेकांशी लग्न का नाही केलंत? मी सुटले असते."

९ फेब्रुवारी

कार्डं वेळेवर येत आहेत. अकरावी आणि बारावी खेळी झाली.

आमच्यात खेळी आकड्यांत लिहितात, चार आकडे. पहिले दोन कुठून, पुढचे दोन कुठे. डावीकडून कितवी उभी रांग आणि खालून कितवं घर. गॅम्बिटची खेळी ६७६५. हे आकडे झोपेतही चुकत नाहीत. तरी कार्ड आलं की मी बहात्तरचं कार्ड काढतो, दोन्ही शेजारी ठेवतो आणि आकड्यावर आकडा तपासतो. आतापर्यंत तंतोतंत. एदविन खरोखर तोच डाव खेळतो आहे. पट मांडायचीही गरज नाही. बहात्तरचा पुठ्ठ्याचा अल्बम तसाच आहे, सोळाव्या खेळीवर थांबलेला. प्रत्येक घराला खाच, खाचेत कागदी मोहरं. तो मी त्या दिवसापासून हलवलेला नाही. चाळीस पानांतली एकूण एक ओळ त्यावरूनच निघाली आहे.

बाजारात आज आंबवलेला कोबी विकणाऱ्या लोनियाचा काटा तपासला. चार ग्रॅम जास्त दाखवत होता. ती ऐकेना. बारा वर्षांत एकाही गिऱ्हाइकाने तक्रार केली नाही म्हणाली. मी मखमलीच्या पेटीतलं प्रमाण-वजन ठेवून दाखवलं. तिने हात कोपरापर्यंत पिंपात घातलेला होता, तसाच ठेवून विचारलं, "मिस्त्री, आणि तुमचं वजन कोण तपासतं?"

म्हटलं, दर वर्षी कचेरीत जातं. खरं म्हणजे देश स्वतंत्र झाला तेव्हापासून, दोन वर्षं होत आली, कचेरी कुठली तेच ठरलेलं नाही. ते तिला सांगितलं नाही.

२१ फेब्रुवारी, रविवार

इन्ता आली होती. करडे वाटाणे आणि धुरावलेलं डुकराचं मांस घेऊन. मुलगी सव्वीस वर्षांची झाली, आईसारखीच दार न ठोठावता येते. भिंतीवरच्या चौकटीतल्या कार्डापाशी थांबली. त्यावर एवढंच आहे: "डाव सोडतो. एदविन." ११ मार्च १९७२.

"बाबा, लोक भिंतीवर बायकोचा फोटो लावतात."

मी म्हटलं, तुझ्या आईचा फोटो कपाटात सुरक्षित आहे, उन्हाने विटेल म्हणून. तिने मग विचारलं, एदविनकाका एवढा चांगला खेळणारा, त्याने सोळाव्या खेळीलाच का सोडला? मी तिला बळी समजावून सांगितला. काळा हत्ती द्यायचा; तो घ्यावाच लागतो. मग वजिराचा तिरका शह. पांढऱ्या राजाला जायला कोपरा सोडून दुसरं घर नाही. मग घोडा नाचत येतो, शेवटी मी वजीरही देतो, आणि कोपऱ्यात स्वतःच्याच माणसांत अडकलेल्या राजाला घोडा मात करतो. इन्ता पाच वर्षांची असल्यापासून हे ऐकते आहे. तरी विचारलं, "आणि आईला कळलं होतं?"

कळलं होतं. त्या वेळी आउस्मा तीन महिने इस्पितळात होती. मी कामावरून सरळ तिच्याकडे जायचो. ती आडवी पडून, मी अल्बम तिच्या पांघरुणावर ठेवून. एक दिवस तिला गुदमरल्यासारखं झालं, म्हणाली वरचं तावदान उघड. खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातलं ते छोटं तावदान उघडलं आणि मार्चचा वारा असा आत आला की अल्बममधली निम्मी मोहरी उडाली. नर्स रागावली. मी जमिनीवर गुडघे टेकून मोहरी गोळा करत होतो आणि आउस्मा हसत होती, तीन महिन्यांत पहिल्यांदा. एक प्यादं तिच्या पांघरुणाच्या घडीत पडलं होतं, ते तिने स्वतःच उचलून खाचेत खोचलं. "हे इथेच राहतं ना?" बाकीची मी लावली. त्याच संध्याकाळी, तिच्या उशाशी बसून, मला बळी दिसला. एकदम, अंधाऱ्या खोलीत दिवा लागावा तसा.

इन्ताने टेबल आवरलं. मग भांडी घासून गेली. तिच्या मनात काय होतं कळलं नाही.

१४ मार्च

चौदावी खेळी आली: ८२८३. जुन्या कार्डावरही ८२८३. शिक्का स्वच्छ. कार्डाच्या तळाशी एदविनने लिहिलंय: "ही खेळी नीट बघ."

बघितली. दोनदा. आकडे जुळतात. त्याला वाटतं मी अजून ट्रामच्या बाकावरच शिकतो आहे.

२ एप्रिल

आउस्माला जाऊन आज एकवीस वर्षं. दफनभूमीत बर्फ वितळून गेला आहे. थडग्याभोवतीची वाळू दाताळ्याने सारखी केली, रेघा सरळ ओढल्या, शेवटची रेघ मागे मागे येत ओढली म्हणजे आपलं पाऊल उमटत नाही. मेणबत्ती वाऱ्याने दोनदा विझली.

तिथून सरळ टपालघरात जाऊन सोळावी खेळी टाकली. बळी. मुद्दाम आजच टाकला.

ती गेली त्या आठवड्यात एदविन आला होता. दोन दिवस राहिला, लाकडं फोडून दिली, इन्ताला समुद्रावर नेलं. बुद्धिबळाचा शब्द काढला नाही. मीच काढला. म्हटलं, आता तरी मान्य कर की गॅम्बिट खरा आहे. तो म्हणाला, "डाव तू जिंकलास, झिगिस." मी म्हटलं, मी डावाबद्दल विचारत नाही, गॅम्बिटबद्दल विचारतो. तो उठून लाकडं रचायला गेला. मग दर वर्षी तेच, मी विचारायचो आणि तो विषय बदलायचा. ब्याऐंशीत मी लिहिलं की जो माणूस हरल्यावरही मान्य करत नाही त्याच्याशी मला पत्रव्यवहार ठेवायचा नाही. त्याने ठेवला नाही.

आज वाटतं, ते पत्र एक दिवस थांबून टाकायला हवं होतं.

११ एप्रिल, ईस्टर

इन्ताने कांद्याच्या सालीत अंडी रंगवून आणली. अंड्यावर अंडं आपटलं. माझं फुटलं. ज्याचं अंडं टिकतं त्याचं वर्ष चांगलं; ती म्हणाली, यंदा नशीब माझं. लेखाची सदतीस पानं टंकून झाली. एदविनचं कार्ड नाही.

१६ एप्रिल

कार्ड आलं आणि मी मोठ्याने हसलो. शेजारणीने भिंतीवर थाप मारली.

एदविन हत्ती घेतो. ठीक, दुसरा इलाज नाही. पुढे सशर्त लिहितो: वजिराने शह दिलास, तर ७१८२. म्हणजे राजा कोपऱ्यात न जाता शेजारच्या घरात. पण त्या घरात त्याचंच प्यादं उभं आहे! राजा आपल्याच प्याद्याच्या डोक्यावर बसवतो आहे. इतक्या वर्षांचा प्रशिक्षित खेळाडू, गावभर ज्याचे विद्यार्थी, आणि बेकायदा खेळी लिहितो.

नियम स्पष्ट आहे: बेकायदा खेळी लिहिली तर त्याच मोहऱ्याची दुसरी, कायदेशीर खेळी करावी लागते. राजाला एकच घर उरतं, कोपरा. म्हणजे मात. संपलं.

हसू ओसरल्यावर जरा विचार केला. त्याचं वय सत्तावन्न. माझ्या काकांचं असंच सुरू झालं होतं, आधी तारखा चुकायच्या, मग माणसं. रासमाच्या, त्याच्या बायकोच्या लक्षात आलं असेल का?

१९ एप्रिल

दोन दिवस मसुदा केला. तीन कागद फाडले. शेवटी कार्डावर एवढंच लिहिलं: "७१८२ अशक्य. घर रिकामं नाही. आपला पट तपासावा." टाकून आलो आणि बरं वाटलं नाही.

२७ एप्रिल

त्याचं कार्ड. अक्षर स्थिर, ओळी सरळ.

"घर रिकामं आहे. शनिवारी ये. रासमाने बर्चचा रस भरून ठेवलाय. अल्बम आण."

२ मे, रविवार

काल त्सेसिसला जाऊन आलो. सकाळच्या गाडीने गेलो, संध्याकाळच्या गाडीने परतलो. हे सगळं क्रमाने लिहायचं आहे.

अल्बम दोन वर्तमानपत्रांत गुंडाळून मांडीवर धरला होता, मोहरी हलू नयेत म्हणून. वाटभर ठरवत होतो की कसं सांगायचं. बेकायदा खेळीचा फायदा घेणार नाही, डाव बरोबरीत सोडू म्हणेन, डॉक्टरला दाखव म्हणून रासमाला बाजूला घेऊन सांगेन.

एदविन फलाटावर उभा होता. भांग तसाच, केस पांढरे. मी तो आजारी दिसतो का बघत होतो आणि तो माझ्या हातातल्या पुडक्याकडे बघत होता. घरी रासमाने रस दिला, मनुका घालून आंबवलेला, जिभेला चावणारा. मला म्हणाली, "किती बारीक झालास रे झिगिस, तिथे बाजारात राहून उपाशी मरतोस का?" अकरा वर्षांचा एवढाच उल्लेख.

एदविनने लाकडी पट मांडला, पहिल्यापासून, सगळी मोहरी घरात. म्हणाला, खेळू. आठवणीने. मी अल्बम उघडायला गेलो तर म्हणाला, तो नंतर.

खेळलो. माझ्या खेळ्या मी पटाकडे न बघताही करू शकतो, तशाच केल्या, जरा ऐटीतच. चौदाव्या खेळीला त्याने हत्तीसमोरचं प्यादं, अगदी कडेचं, दोन बोटांत धरून एक घर पुढे ठेवलं. ८२८३. आकडा हजारदा वाचला होता. प्यादं पुढे जाताना मी काल पहिल्यांदा पाहिलं.

पंधरावी खेळी झाली. सोळाव्या खेळीला मी हत्ती उचलला आणि माझा हात हवेतच राहिला.

"उचललास," एदविन म्हणाला. "आता खेळावं लागेल."

खेळलो. त्याने हत्ती घेतला. मी वजिराचा शह दिला. त्याने राजा उचलला आणि त्या प्याद्याने मोकळं केलेल्या घरात ठेवला. तिथे काही नव्हतं. राजाला हवा होती, मागे भिंत होती, पुढे प्यादं होतं. माझा घोडा कुठूनही त्याच्यापर्यंत पोहोचत नव्हता. मी पाच मिनिटं बघत होतो. घड्याळात पाहिलं, पाचच.

मग अल्बम उघडला. प्यादं घरात, दुसऱ्या आडव्या रांगेत. आकडे मी आकड्यांशी तपासले होते, मोहरी कधीच नाही. एकवीस वर्षं आणि चाळीस पानं. त्या प्रश्नचिन्हाचाही अर्थ आत्ता कळला.

"हा कोणी मांडला?" एदविनने विचारलं.

"मीच," मी म्हटलं.

म्हटलं, आणि पांघरुणाची घडी आठवली. हे इथेच राहतं ना. ते त्याला सांगितलं नाही. इथे लिहितो आहे, तेवढं पुरे.

मग मला राग आला. तो ठरलेलाच होता. म्हटलं, हे तुला बहात्तर साली दिसलं नव्हतं, आज दिसतंय. तेव्हा तू हरलास तो हरलासच. त्याने पटावरची मोहरी आवरायला घेतली. रासमाच उठली, कपाटातून दोऱ्याने बांधलेला जुना गठ्ठा आणला आणि माझ्यासमोर ठेवला. एदविन म्हणाला, "रासमा, राहू दे." ती म्हणाली, "एकवीस वर्षं राहू दिलंय. कपाटात जागा नाही माझ्या."

वर माझी कार्डं होती, क्रमाने. शेवटचं ४ मार्च १९७२ चं, बळीचं. आकड्यांखाली माझंच अक्षर, जरा तिरकं, कारण ते गुडघ्यावर लिहिलं होतं: "आउस्मा म्हणते, हा डाव जिंकलास तर मी चालत घरी येते. डॉक्टरांना सांगू नकोस म्हणाली."

मी हे लिहिलं होतं, हे मला आठवत नव्हतं. मी काहीही विसरत नाही, पण हे आठवत नव्हतं.

त्याखाली एक कार्ड होतं, एदविनच्या अक्षरातलं. माझा पत्ता. तारीख ९ मार्च १९७२. हत्ती घेतो. शह दिल्यास ७१८२. तिकीट छापलेलं. शिक्का नाही.

भिंतीवरचं माझं कार्ड ११ तारखेचं आहे.

मी कार्ड उलटसुलट करून पाहिलं. शेवटी मी विचारलं, "याच्यावर शिक्का का नाही?"

एदविन चष्मा पुसत म्हणाला, "पेटीत टाकल्याशिवाय शिक्का कसा बसेल?"

"दोनदा पेटीपर्यंत जाऊन परत आला," रासमा म्हणाली. "मला वाटलं, सासूबाईंचं औषध आणायला जातो आणि विसरतो. तिसऱ्यांदा गेला तेव्हा हातात दुसरंच कार्ड होतं."

मी खिडकीपाशी गेलो. त्यांच्या अंगणात बर्चच्या खोडावर रस काढलेल्या भोकात लाकडी खुंटी मारून ठेवली होती. ती थोडी तिरपी होती.

स्टेशनपर्यंत एदविन सोबत आला. मी विचारलं, जानेवारीतच पत्रात सरळ का नाही लिहिलंस? म्हणाला, "तू म्हणाला असतास, एदविनला बघवत नाही."  या वहीच्या दुसऱ्या नोंदीत तेच लिहिलेलं आहे, जवळजवळ त्याच शब्दांत. तो पुढे म्हणाला, अनोळखी माणसांनी छापलेली आकृती बघून तुला हसावं, ते मला नको होतं. हसायचं तर मी आहे की.

गाडी आली तेव्हा म्हणाला, "छापायचं असेल तर प्यादं घरात ठेवून छाप. पांढरा चौदाव्या खेळीला दुसरं काही खेळला, तर तुझा बळी बरोबर आहे. मी हिवाळाभर शोधलं. भोक सापडलं नाही."

"पण तशी स्थिती कधी आलीच नाही."

"आली होती की," तो म्हणाला. "तुझ्या अल्बमात."

६ मे

चार दिवस कामावर चुका. लोनियाने विचारलं, मिस्त्री, कोणी मेलं का? म्हटलं, नाही. मग तिला सांगितलं की माझी प्रमाण-वजनं दोन वर्षं तपासलेली नाहीत, तिचा काटा कदाचित बरोबर असेल. तिने मला शंभर ग्रॅम कोबी कागदात बांधून दिला आणि म्हणाली, तरी चार ग्रॅम जास्तच घातलेत हो त्यात.

९ मे, रविवार

इन्ता आली. तिला सगळं सांगितलं. भिंतीवरच्या कार्डाकडे बघून म्हणाली, "मला वाटलं होतं तसंच काहीतरी." कधी वाटलं, विचारलं. म्हणाली, लहानपणी, समुद्रावर. एदविनकाका पाण्याकडे बघून रडत होता आणि मला म्हणाला, वाळू गेली डोळ्यांत. वारा तर जमिनीकडून होता.

ते कार्ड काढायचं का, असं मी विचारलं. ती म्हणाली, आता कुठे ते भिंतीवर शोभतंय.

१३ मे

लेख पूर्ण. सदतीस पानं काढून टाकली, नवी नऊ पानं लिहिली. सुरुवातीलाच स्पष्ट: पांढऱ्याने चौदाव्या खेळीला कडेचं प्यादं पुढे केलं तर हा बळी चालत नाही. खंडन एदविन रोझे, त्सेसिस, ९ मार्च १९७२. टपालात टाकलेलं नाही. प्यादं घरात असेल तर बळी अचूक, खाली आकृती. गॅम्बिट खरा की खोटा यावर मी एकही वाक्य लिहिलेलं नाही. या विषयावर मी पहिल्यांदाच गप्प आहे.

आकृतीखाली नाव टंकायचं होतं. 'झि. काल्वे' टंकलं. मग कागद यंत्रातून काढला, दुसरा घातला आणि 'आ. काल्वे' टंकलं. लिंडवालना चूक वाटेल म्हणून सोबतच्या पत्रात लिहिलं: आद्याक्षर तपासलेलं आहे, बदलू नये.

अल्बम बंद करण्याआधी चिमटा हातात घेतला. चुकीची नोंद दुरुस्त करणं हे माझं कामच आहे. कडेच्या प्याद्याचा कागद एकवीस वर्षांत पिवळा पडला आहे, पण खाचेत घट्ट बसलाय. माझी मोहरी मी नेहमी सरळ खोचतो. हे एक जरासं उजवीकडे कललेलं आहे.

चिमटा पेटीत ठेवला.

१५ मे

काल टपालघरात दोन गोष्टी टाकल्या. माल्मोचा लिफाफा, आणि एदविनला कार्ड: नवा डाव. या वेळी पांढरी मोहरी माझी. ५२५४. तू ५७५५ खेळलास तर ७१६३. पुढे तुझी मर्जी. तुला हवी ती शहाणी, शिकलेली, सुरक्षित खेळी कर, मी काही म्हणणार नाही.

२० मे

लिंडन अजून फुलले नाहीत, पण वेर्माने बागेत बाक बाहेर काढलेत. कामावरून येताना तासभर बसलो. ओळखीचं कोणी नव्हतं. दोन तरुण भांडत होते, एकाने हत्ती फुकट घालवला होता. मी सल्ला दिला नाही.

२२ मे

त्सेसिसचं कार्ड. शिक्का १९ मे, स्वच्छ, तारीख पूर्ण वाचता येते. मजकूर नाही, सही नाही, फक्त आकडे. आधी माझ्या शर्तीप्रमाणे ५७५५. आणि त्याखाली, त्याच सरळ, नकाशावरच्या अक्षरात, तीस वर्षं ज्याला त्याने खोटं म्हटलं तेच प्यादं:

६७६५.